खोटं असलं तर काय बिघडलं?

संपादक महोदय,

परवा सकाळी सहाला आमच्या फॅमिली ग्रुपवर मावशीचा मेसेज, 'मुलं पळवणारी टोळी आलीय, सावध रहा', आणि वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' ची दोन बाणांची खूण. फोन केला तर म्हणते, अगं खरं असलं तर कुणाचं तरी पोर वाचेल, खोटं असलं तर काय बिघडलं? आता मावशी काही वाईट नाही, काळजीपोटीच पाठवते, आणि बहुतेकांचं असंच होतं, मेसेज खरा वाटतो म्हणून नाही तर पाठवणारा आपला माणूस आहे म्हणून तो पुढे जातो. (सगळ्यात आधी आपण सांगितलं याचं थोडं सुखही असतं, मलापण.)

पण बिघडतं ना. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं, भिक्षा मागायला आलेली मंगळवेढ्याकडची माणसं होती ती. त्याच वर्षी फिरलेला बाईकवरून मूल उचलण्याचा व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीतला, मूल परत आणून देतात तो शेवटच कोणीतरी कापलेला! मग व्हॉट्सॲपने एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, २०२० पासून तर दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो, पण मावशीचे ग्रुपच चार, चारदा पाठवला की झालं, तिला काय फरक पडणार.

राईनपाड्याचं सांगितल्यावर गप्प झाली, मेसेज डिलीट केला. संध्याकाळी लिंबूपाण्याने शुगर जाते हा आला.

- एक वाचक, नाशिक