दोन पगारांची अंगठी

चि. प्रसाद यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझी आई मध्ये मध्ये बोलत होती, म्हणून लिहितो. साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी, तीही दोन महिन्यांचा पगार घालून, वर म्हणालास, "तशी पद्धतच आहे, बाबा." कोणाची रे? दोन पगारांचं हे माप डी बिअर्स कंपनीने 1980 च्या दशकात जाहिराती करून लोकांच्या गळी उतरवलं. 'हिरा कायमचा असतो' हेही तिच्याच जाहिरातीतलं, 1947 सालचं.

त्याआधीची गोष्ट अशी, की 1870 च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला हिरे इतके निघू लागले की भाव कोसळायची भीती होती. 1888 मध्ये डी बिअर्स उभी राहिली, खाणी एका मुठीत आल्या आणि पुढे कित्येक वर्षं बाजारात माल जपून सोडला गेला. सोनं मोडायला नेलंस तर सोनार शेट घट धरून त्या दिवसाच्या भावाने पैसे देतो. हिरा परत विकायला गेलास की घेतलेल्या किमतीच्या निम्मेही हाती येणं कठीण. तेव्हा हौस म्हण, गुंतवणूक म्हणू नकोस.

हिरा रक्तपातातून आलेला नाही, असं सर्टिफिकेट दुकानदार दाखवेल. ते कशामुळे आलं, ऐक. सिएरा लिओनमध्ये 1991 पासून 2002 पर्यंत यादवी चालली. बंडखोरांनी हिऱ्यांचा मुलूख बळकावला आणि गावकऱ्यांचे हात तोडले. त्या बंडखोरांना हिऱ्यांच्या बदल्यात शस्त्रं पुरवणारा शेजारच्या लायबेरियाचा माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर याला 2012 मध्ये पन्नास वर्षांची शिक्षा झाली. असले हिरे अडवायला 2003 पासून किंबर्ली प्रोसेस ही देशादेशांमधली सर्टिफिकेटांची व्यवस्था आहे. पण तिच्या व्याख्येत फक्त बंडखोरांचे हिरे येतात. 2008 मध्ये झिम्बाब्वेच्या मारांगेत सरकारी सैन्यानेच खाणीवरच्या माणसांवर हेलिकॉप्टरमधून गोळ्या झाडल्या, दोनशेच्या वर माणसं गेली. बंडखोर नव्हते ना! निर्यात काही काळ थांबली आणि 2011 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली.

हे तुला वेगळं सांगायला नको, तू गोव्यातल्या खाणींच्या डिचोलीत वाढलास. चीनला लोखंडाचं खनिज जात होतं त्या वर्षांत आपला ट्रक साखळी गावाच्या रस्त्यावर दिवसभर रांगेत असायचा आणि वरचा मजला त्याच भाड्यातून चढला. पावसात डंपवरची, म्हणजे खाणीच्या ढिगाऱ्यावरची माती ज्यांच्या शेतात उतरली, त्यांच्या वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी भाताचं काय झालं तेही तू पाहिलंस. खनिजाची बार्ज (मालवाहू होडी) भरताना त्या शेताची किंमत कोणत्या कागदावर लिहिली होती? मग 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि ट्रकांचे हप्ते फेडताना लोकांच्या बायकांचे दागिने बँकेत गेले. म्हणून 'खाणीतलं काही घेऊच नको' असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. बोत्स्वानात 1967 मध्ये हिरे सापडले, तिथल्या सरकारने खाणीत निम्मा वाटा ठेवला आणि त्या पैशातून शाळा आणि रस्ते केले. खाण तीच, वाटा कोणाला मिळतो, तिथे सगळं फिरतं.

आता लॅबमधला हिरा. तोही कार्बनच, नुसत्या भिंगाने खाणीतल्या हिऱ्यापासून ओळखता येत नाही, आणि किंमत कितीतरी कमी. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. मात्र त्याचेही भाव घसरतच चाललेत आणि तो बनवायला वीज भरपूर लागते. शिवाय जगातल्या दहातले नऊ हिरे सुरतेत पैलू पाडून निघतात. मंदी आली की तिथल्या कारागिरांचीच मजुरी आधी कापतात. मग तुझा हिरा खाणीतला असो की लॅबमधला.

माझ्या मते साधी सोन्याची घडवावी. खडा हवाच असेल तर लॅबमधला, लहानसा. पण तू तिला विचारलंस का? की सगळं परस्पर ठरवून बसलायस? खाणीतलाच हवा म्हणाली, तर कोणत्या देशातला आहे ते दुकानात विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

आई एक पाटली मोडायला तयार आहे. शेट म्हणतो, चवथीनंतर घाई होईल. येताना होणाऱ्या सुनेच्या बोटाचं माप घेऊन ये.

तुझा,
बाबा