रक्तातच असतं का रे सगळं?

फोंडा, रविवार दुपार

सुध्या,

त्या दिवशी फोनवर तू विचारलंस, आप्पा टीबीने गेले, भाईकाका टीबीने गेले, म्हणजे आमच्या रक्तातच आहे का ते, आणि मग छकुलीचं काय, आणि मी "नंतर सांगतो" म्हणून फोन ठेवून दिला. तुला वाटलं असणार साल्याने टाळलं. टाळलं नाही रे, लॅबमध्ये होतो, बाहेर दहा-बारा माणसं रिपोर्टसाठी उभी होती आणि एक म्हातारी काउंटरवर माझ्याशी भांडत होती. आणि खरं सांगायचं तर मेसेजमध्ये दोन ओळीत लिहिण्यासारखं ते नाहीच, म्हणून आज मोठं लिहितोय, चहा घेऊन बस.

आधी आमच्या घरची भानगड ऐक, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

यंदाची चवथ आमची हॉस्पिटलात गेली. वाळपईच्या ताईची जुळी पोरं तुला माहीत आहेत, सोहम आणि ओम, लहानपणी ताई एकाच्या पायात काळा दोरा बांधायची, कोण कोण ते कळावं म्हणून. अगदी एका बीजाची जुळी, म्हणजे जीन्स दोघांचे सारखे. सोहम घरीच असतो, ओम तीन वर्षं बेळगावला हॉस्टेलवर. चवथीला ओम घरी आला, दोघांनी मिळून माटोळी (गणपतीवरचं रानफळांचं छत) बांधली, रानातून कांगलां, कवंडळां काय काय आणलं, आणि सहाव्या दिवशी आधी सोहम तापला, दुसऱ्या दिवशी ओम. ताई लगेच "माकडताप गे माकडताप" करायला लागली. तिचाही दोष नाही, २०१५ला सत्तरीत पाळी गावात तो पहिल्यांदा आला तेव्हापासून तिकडची माणसं साध्या तापाला पण घाबरतात. पण तो गोचिडीचा आजार, काजूच्या सीझनला येतो, भर पावसात कुठला. मी म्हणालो आधी रक्त पाठव.

दोघांचं डेंगी पॉझिटिव्ह. घराच्या मागे पोरसात भावोजींनी करवंट्या उपड्या न करता ढीग घालून ठेवला होता, एकेका करवंटीत बोटभर पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. म्हणजे बहुतेक तेच घर, तेच डास, आणि जीन्स तर कॉपी-पेस्ट. आता तुझ्या हिशोबाने दोघांना सारखाच आजार व्हायला पाहिजे की नाही?

सोहम पाचव्या दिवशी उठून पेज आणि आंब्याचं लोणचं खात होता, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) एक लाखाच्या खाली गेलेच नाहीत. ओमचा पण ताप उतरला, सगळे खूश, आणि मी मात्र घाबरलो, कारण डेंगीत खरा धोका ताप उतरतो तेव्हाच सुरू होतो, रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं. संध्याकाळी त्याच्या पोटात दुखायला लागलं, उलट्या. मशीनवर प्लेटलेट आले २६ हजार. कधीकधी प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि मशीन फसतं, म्हणून त्या जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधला थेंब घेऊन मी स्वतः स्लाइड केली. एरवी तेलाच्या लेन्सखाली एका फील्डमध्ये दहा-पंधरा प्लेटलेट दिसतात, उधळलेल्या तिळासारखे. ओमच्या स्लाइडवर मी फील्डमागून फील्ड सरकवत होतो आणि कुठे एक, कुठे दोन, कुठे एकसुद्धा नाही. वीस वर्षं हेच काम करतोय, पण भाच्याची स्लाइड बघताना हात थरथरतो रे. त्याच रात्री ॲडमिट. चार दिवस सलाइन, दर सहा तासांनी रक्ततपासणी, छातीत थोडं पाणी झालं होतं. वाचला. (पपईच्या पानांचा रस आजूबाजूच्या सहा बायकांनी सुचवला, सातवीने करूनच आणला.)

मग फरक कशाने पडला? ओमची आयजीजी टेस्ट (शरीराने जंतूविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडींची) तिसऱ्या-चौथ्या दिवशीच भरभक्कम पॉझिटिव्ह होती. पहिल्यांदाच डेंगी होतो तेव्हा ही आयजीजी उशिरा वर येते. इतक्या लवकर आली म्हणजे शरीराची डेंगीशी आधी ओळख झालेली. मी खोदून विचारलं तर म्हणाला, हो मामा, दोन वर्षांपूर्वी हॉस्टेलवर पाच दिवस व्हायरल होता, अंग फार दुखलं, क्रोसीन खाऊन झोपलो. झालं! डेंगीचे प्रकार चार. एक होऊन गेला की त्याची प्रतिकारशक्ती मिळते, पण दुसऱ्या वेळी वेगळा प्रकार आला तर जुन्या अँटिबॉडी त्याला नुसत्या चिकटतात, मारत नाहीत, आणि उलट त्याला हाताला धरून पांढऱ्या पेशींच्या आत नेऊन सोडतात. क्यूबात १९७७ला पहिल्या प्रकाराची साथ आली, लोक आजारी पडून बरे झाले, आणि १९८१ला दुसरा प्रकार आला तेव्हा १५८ माणसं गेली, त्यात १०१ मुलं. ओमला दोन्ही वेळा कुठला प्रकार झाला ते मला माहीत नाही, आणि एका घरातल्या दोन पोरांवरून काही सिद्ध पण होत नाही, पण माझा अंदाज हाच. जन्माला दोघं सारखे आले, बेळगावच्या एका डासाने त्यांना वेगळं केलं.

आणि हे मी मामा म्हणून बोलत नाही. २०१५ला अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लोकांनी ८ ते ८२ वर्षं वयाची २१० जुळी माणसं घेतली, काही ओम-सोहमसारखी एका बीजाची, काही दोन बीजांची, आणि त्यांच्या रक्तातल्या रोगप्रतिकाराच्या २०४ गोष्टी मोजल्या. त्यातल्या पाऊण हिश्शाहून जास्त गोष्टींत जीन्सपेक्षा बाकीच्याच गोष्टींचं वजन जास्त निघालं. फ्लूची लस दिल्यावर किती अँटिबॉडी तयार होतात त्यात तर जीन्सचा हात दिसलाच नाही. आणि सीएमव्ही म्हणून एक व्हायरस आहे, आपल्यातल्या बहुतेकांच्या अंगात तो गुपचूप पडून असतो, काही त्रास देत नाही, तो जुळ्यांतल्या फक्त एकाला असला तर तेवढ्याने निम्म्याहून जास्त आकडे हललेले. जुळी म्हातारी होत जातात तशी आतून एकमेकांपासून लांब जातात.

आता इथे थांबून मी तुला "बघ, रक्ताबिक्ताचं काही नसतं, झोप शांत" म्हणू शकलो असतो. पण तू मला ओळखतोस, आणि मी असं म्हणालो आणि नंतर तुला दुसरीकडून कळलं तर माझं थोबाड बघणार नाहीस.

१९८८ला डेन्मार्कमध्ये एक अभ्यास झाला. दत्तक गेलेल्या मुलांचा. त्याची गंमत समजून घे. तुझ्याच घरात बघ, आप्पा आणि भाईकाका एका रक्ताचे, पण एका खोलीत झोपणारे पण, एकाच चुलीचा धूर खाणारे, एकाच डब्यातून विडी ओढणारे. मग टीबी रक्तातून आला की खोलीतून, कसं सांगणार? घर आणि रक्त एकत्रच असतं, सुटं करता येत नाही. दत्तक मुलात ते सुटं होतं, रक्त एका घरचं, हवा-पाणी दुसऱ्या घरचं. तर त्यांना काय दिसलं, की ज्यांचे जन्माचे आई किंवा बाप पन्नाशीच्या आत संसर्गाने गेले, त्या मुलांना स्वतःला संसर्गाने मरण येण्याचा धोका साडेपाच पटीहून जास्त. आणि ज्यांनी वाढवलं ते आईबाप तसे गेले तर काहीच फरक नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

पण घाबरण्याआधी हिशोब कर. ती मुलं १९२४ ते १९२६ मध्ये जन्मलेली, म्हणजे त्यांच्या आईबापांच्या तरुणपणी पेनिसिलिन नाही, टीबीचं एकही औषध नाही. पन्नाशीच्या आतलीच मरणं धरलेली, आप्पा एकसष्टचे होते. आणि संसर्गाने मरणारी माणसं मुळातच थोडी, थोड्याची साडेपाच पट पण थोडीच. भाईकाका मात्र सत्तेचाळीसला गेले, म्हणजे हे खरं तर तुझ्यापेक्षा विकासला जास्त लागू होतं. त्याला कसं सांगायचं ते तूच ठरव, मी सांगणार नाही.

मग दोन्ही खरं कसं, असं विचारशील. मला जे कळलंय ते असं, की जीन तेच असून कामाचा की नुकसानीचा हे जागा ठरवते. सिकलसेलचं बघ, रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारा जीन. आई आणि बाप दोघांकडून आला तर जन्माचा रोग, एकाकडूनच आला तर मलेरियाच्या मुलखात तीच ढाल. आफ्रिकेत ॲलिसन नावाच्या डॉक्टरने १९५४ला हे दाखवलं. पण तोच माणूस मलेरिया नसलेल्या गावात राहिला तर ती ढाल भिंतीवर टांगलेली, नुसतं वजन. आणि १९८०च्या दशकात पणजीत बिल्डिंगा उठायला लागल्या, स्लॅबवर साठलेलं पाणी, टाक्या, त्यात शहरी मलेरियाचा डास, मग पणजीला मलेरिया लागला तो काय लोकांचे जीन्स एका रात्रीत बदलले म्हणून? मलेरिया कायमचा असतो अशा भागात वाढलेल्या माणसाच्या रक्तात जंतू असून ताप नसतो, आणि आपल्यासारखा नवखा त्याच डासाने आडवा होतो. ती सवय असते, आणि काही वर्षं मुलखाबाहेर राहिलं की जाते पण.

टीबीचंच घे ना. बीसीजी ही टीबीची लस इंग्लंडच्या शाळकरी पोरांवर करून बघितली तर पाऊण हिश्शाहून जास्त संरक्षण. तीच तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८पासून अडीच लाखांहून जास्त लोकांच्या चाचणीत तपासली, आणि मोठ्यांच्या छातीच्या टीबीला उपयोग शून्य. एक कारण असं सांगतात की आपल्या माती-पाण्यात टीबीचे निरुपद्रवी चुलतभाऊ इतके असतात की शरीर त्यांच्याशी आधीच काहीतरी शिकून बसलेलं असतं. तान्ह्या बाळांना मेंदूच्या टीबीपासून ती वाचवते म्हणून अजून देतात, छकुलीला दिली ती त्यासाठी. रोटाच्या (लहान मुलांच्या जुलाबाच्या व्हायरसच्या) लसीचं पण तसंच, श्रीमंत देशात ८५ टक्क्यांच्या आसपास, आपल्याकडे ५५. पोटातले जंतू, पाणी, खाणं, आईच्या दुधातल्या अँटिबॉडी, सगळं मध्ये येतं.

तर तुझे आप्पा. तुला वाईट वाटेल पण लिहितो. आप्पा पंचवीस वर्षं डिचोलीला खाणीवर ट्रक चालवत होते, घरी आले की भुवया लाल. धूळ ज्या पेशींनी गिळायची त्याच पेशी टीबीच्या जंतूला गिळतात, त्या धुळीनेच दमून गेल्यावर काय करणार. त्यात विडी. आणि त्यात शुगर, ती शेवटच्या दोन वर्षांत कळली, त्याआधी किती वर्षं होती देव जाणे. शुगर असली की टीबीचा धोका दोन-तीन पट होतो. रक्तातून तुला काही आलंच असेल तर मला भीती टीबीची कमी आणि शुगरची जास्त वाटते, कारण तू पण आता पंचेचाळीसचा आहेस, पोट आप्पांसारखंच सुटलंय आणि गेल्या वेळी मिरामारला अर्धा किलोमीटर चालून धापा टाकत होतास.

छकुलीला काही होत नाही. तिच्या घरात चूल नाही, विडी नाही, खिडक्या उघडतात. कोणाला दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर थुंकी तपासायची, एवढंच.

ओमला काल घरी आणला, वजन चार किलो उतरलंय, ताई त्याला तासातासाला भरवते आणि सोहम चिडवतो की आता काळ्या दोऱ्याची गरज नाही, कोण कोण ते लांबून कळतं. करवंट्या मी स्वतः उभा राहून जाळायला लावल्या. भावोजी अजून रुसलेत.

तू या आठवड्यात फास्टिंग शुगर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) कर आणि रिपोर्टचा फोटो पाठव. फास्टिंग म्हणजे चहा पण नाही, बिनसाखरेचा पण नाही, मला माहीत आहे तू काय करतोस ते. वहिनीला नमस्कार.

तुझा
नंदू