शकुंतला गाडी हवीच, पण खेळण्यातली नको

मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार, यांस

सप्रेम नमस्कार.

शकुंतला गाडीच्या मूर्तिजापूर–अचलपूर लाइनीवरच्या अंजनगाव सुर्जीतून लिहितोय. १८०३ साली दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला, तेच हे गाव. गाडी बंद पडलीय, टेसनात आता रुळांमधून बाभळी वर आल्यात.

इंग्रजांच्या किलिक निक्सन कंपनीनं ही अडीच फुटी लाइन टाकली ती आमच्यासाठी नव्हे, कापसासाठी. वऱ्हाडातल्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर चढवायच्या, तिथून मुंबई, मुंबईहून विलायत. गाडी ओढणारं १९२१ सालचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच. कापूस गेला आणि लोखंड आलं, म्हणा! १५ एप्रिल १९९४ला ते इंजिन काढून डिझेल जोडलं. रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी ही लाइन कंपनीचीच राहिली. गाडी सरकारची, रूळ दुसऱ्याचे. भाड्याच्या घराची डागडुजी जशी होते, तशीच या रुळांची झाली.

आमचा पानमळा. लहानपणी वडिलांसोबत ओल्या फडक्यात बांधलेल्या टोपल्या घेऊन मी शकुंतलेत बसायचो. फाटक आलं की गाडी थांबायची. एक जण उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जायची, मग तोच फाटक उघडून पळत येऊन चढायचा. तिकीटही गार्डच द्यायचा. एखादी म्हातारी शेतातून हात करत आली, तर तिच्यासाठीही थांबायची. हळू होती, पण कास्तकाराच्या आणि मजुराच्या खिशाला परवडायची. एसटीचं तिकीट आजही तेवढं खाली आलेलं नाही.

हल्ली कुणी आलं की टेसनाचे फोटो काढतं आणि 'हेरिटेज' म्हणतं. साहेब, आम्हाला पर्यटकांसाठी शिट्टी वाजवणारी गाडी नको. ही लाइन ब्रॉडगेज, म्हणजे मोठी, करण्याच्या घोषणा ऐकून आमच्या डोक्याचे केस पिकले. तिकडे वर्धा–कळंब गाडी २०२४ला सुरू झाली, त्याचा आनंदच आहे. पण अचलपूरकडे कधी बघणार?

बघाल तेव्हा नवी आखणी पथ्रोट, अंजनगाव, बनोसा, लाखपुरी या जुन्याच ठेशनांवरून करा. गावं त्यांच्याभोवती वाढलीत. आणि पहाटेची गाडी मूर्तिजापूरला मुंबईकडे जाणारी गाडी सुटायच्या आत पोचेल, एवढं वेळापत्रकात बघा. उन्हाळ्यात पान दुपारपर्यंत टिकत नाही.

आपला,
एक पानमळेवाला
अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती