फॉरमॅट न मारताही रेडवर जाता येते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुकानातला किंवा पतसंस्थेतला हिशेबाचा संगणक दोन्हींवर तोच डेटा ठेवणाऱ्या दोन डिस्कच्या जोडीवर, म्हणजे रेड-१ वर न्यायचा म्हटला की इंदूरमध्ये सहसा एकच उत्तर ऐकू येते : ‘फॉरमॅट मारावं लागेल.’ मग विंडोज नवे, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे लायसन्स नव्याने, प्रिंटर नव्याने. त्यात मार्चअखेर असली तर विचारूच नका. बहुतेक वेळा याची गरज नसते.

घोडे अडते ते ड्रायव्हरपाशी, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमपाशी. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) नेहमीच्या एएचसीआयवरून रेडवर केला की विंडोज जुन्याच ड्रायव्हरने डिस्क शोधते, ती सापडत नाही आणि निळ्या पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ उमटते. डिस्क धडधाकट असते. मोड परत फिरवला की यंत्र मुकाट सुरू होते. पण हा पडदा पाहूनच फॉरमॅटचा निर्णय होतो.

आधी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण प्रत घ्यावी. बिटलॉकर (डिस्कला विंडोजचे कुलूप) असेल तर तो तात्पुरता थांबवावा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवावी, कारण मोड बदलताच ती विचारली जाऊ शकते. मदरबोर्डच्या कंपनीचा रेड ड्रायव्हर डाउनलोड करून ठेवावा. मग एमएसकॉन्फिग या विंडोजमधल्याच प्रोग्रॅमच्या बूट टॅबमध्ये ‘सेफ बूट, मिनिमल’वर खूण करून रीस्टार्ट करायचे आणि त्याच फेरीत बायोसमध्ये शिरून मोड बदलायचा. सेफ मोडमध्ये, म्हणजे कामापुरत्याच गोष्टींसह सुरू होताना, विंडोज डिस्कचे बंद ठेवलेले ड्रायव्हरही चाचपते आणि योग्य तो धरते. आत आल्यावर खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन बऱ्याचदा चालत नाही, तेव्हा खात्याचा पासवर्ड ठाऊक हवा; इथेच अर्धा दिवस जातो.

आता दुसरी डिस्क. ती पहिलीएवढी किंवा मोठी हवी. ५१२ जीबीच्या जोडीला ५०० जीबीची चालणार नाही. सिल्व्हर मॉलमध्ये खरेदीला जाण्यापूर्वी जुनीचा नेमका आकडा पाहून जावे. इंटेलच्या बोर्डावर जोडी विंडोजमधल्या इंटेलच्या प्रोग्रॅममधूनच बनवावी आणि ‘डेटा ठेवा’ ही खूण जुन्या डिस्कसमोरच आहे ना, हे दोनदा पाहावे. यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या रेडच्या मेनूतून जोडी बनवली तर दोन्ही डिस्क कोऱ्या होतात. तशी ताकीद तिथे मोठ्या अक्षरांत येते, तरी लोक ‘वाय’ दाबतात. प्रत उतरायला काही तास लागतात. यूपीएस लावल्याशिवाय सुरुवात करू नये.

वेगळे रेड कार्ड असेल तर गोष्ट निराळी. तिथे जोडी कोरीच बनते, म्हणून जुन्या विंडोजमध्ये कार्डाचा ड्रायव्हर आधी घालून क्लोनझिला या प्रोग्रॅमने तिसऱ्या डिस्कवर इमेज (डिस्कची जशीच्या तशी प्रत) घ्यायची आणि ती जोडीवर उतरवायची. पहिल्या बूटच्या वेळी जुनी डिस्क काढून ठेवावी. सारख्याच ओळखीच्या दोन डिस्क दिसल्या की विंडोज गोंधळते.

लिनक्सवाल्यांचे काम सोपे. एमडीएडीएम या रेड बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एका डिस्कच्या जागी ‘मिसिंग’ लिहून अर्धी जोडी बनवता येते, सिस्टिम तिच्यावर कॉपी करून मग जुनी डिस्क जोडायची. फक्त ग्रब (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) दोन्ही डिस्कवर हवा आणि इनिटरॅमएफएस (सुरू होताना लागणाऱ्या ड्रायव्हरांचा संच) नव्याने बनवलेला हवा.

जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. एकीवरची फाइल पुसली की दुसरीवरचीही त्याच क्षणी जाते, म्हणून बाहेरच्या डिस्कवरची रोजची प्रत चालूच राहिली पाहिजे. काम झाल्यावर यंत्र बंद करून एका डिस्कची केबल काढावी आणि विंडोज उघडते का ते पाहावे. केबल परत लावल्यावर जोडी पुन्हा जुळायला वेळ लागतो, तेव्हा ही तपासणी शनिवारी संध्याकाळी बरी. शिवाय दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावा. एक डिस्क मेल्यावर घाईत चांगलीच उपसली जाते, ती याच कागदाच्या अभावी.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर