काउन्सेलरकडे काय बोलायचं, किती बोलायचं

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलत होतात आणि माझं उत्तर मधेच राहिलं, म्हणून लिहितेय. बाबा विचारत होते काउन्सेलरकडे बोललेलं बाहेर जाणार नाही याची गॅरंटी काय, आणि आई विचारत होती सगळं म्हणजे अगदी सगळं सांगायचं का. मला हे दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले वाटतात, पहिल्याचं उत्तर पटेपर्यंत कोणी मनातलं बोलत नाही आणि बोलूही नये.

बाबा, शंभर टक्के गॅरंटी जो देईल त्याच्याकडे जाऊच नका. चांगली काउन्सेलर पहिल्याच सेशनला सांगते की तुमचं बोलणं माझ्याजवळ राहील, पण कोणाच्या जिवाला धोका दिसला, लहान मुलावर अत्याचार होतोय असं कळलं किंवा कोर्टाने मागितलं तर मला बोलावं लागू शकतं. यामागे खरी घटना आहे. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात एका तरुणाने एका मुलीला मारण्याचा विचार थेरपिस्टजवळ बोलून दाखवला होता, थेरपिस्टने युनिव्हर्सिटीच्या पोलिसांना कळवलं पण त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कोणी सावध केलंच नाही आणि तिचा खून झाला. तिच्या आई-वडिलांनी केस केली, तोच टॅरासॉफ खटला, आणि १९७६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा वेळी ज्याला धोका आहे त्याला वाचवण्याची जबाबदारी थेरपिस्टवर येते.

पण आई, कधी 'नको झालंय हे जगणं' असं मनात आलं आणि ते तू बोललीस तर सहसा कोणी लगेच फोनाफोनी करत नाही. नुसता विचार येतो की तसं करायची तयारी चाललीय, हे ते आधी शांतपणे विचारून घेतात. हेच दाबून ठेवलंस तर जायचं कशाला?

बाबा, तुम्ही काउन्सेलरच्या फॉर्मचा फोटो पाठवलात त्यात 'सध्या चालू औषधे' समोर फक्त बीपीची गोळी आहे. झोपेची गोळी नाही. ती रोज घेताय हे मला आईकडून कळलंय, रागावू नका तिच्यावर. तिथे ते लिहायलाच हवं, झोप, चिडचिड, विसरणं या सगळ्याचा त्या गोळीशी संबंध असू शकतो आणि काउन्सेलरला माहीतच नसेल तर ती भलतीकडेच शोधत बसेल. असं करणारे तुम्ही एकटे नाही. कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या बॅरी फार्बर यांच्या टीमने थेरपी घेतलेल्या ५४७ लोकांना विचारलं तर ९३ टक्के लोकांनी थेरपिस्टशी खोटं बोलल्याचं कबूल केलं, आणि सगळ्यात जास्त लपवलं होतं काय तर आपल्याला किती त्रास होतोय ते. आईचं 'बरंय सगळं' तेच.

म्हणजे पहिल्याच दिवशी सगळं ओतायचं असं नाही हं. 'यावर मला आत्ता बोलायचं नाही' हेही खरंच बोलणं आहे, ते खुशाल म्हणा, फक्त खोटं सांगू नका.

जोडीने जाणार असाल तर एक नक्की विचारा, एकाने एकट्यात सांगितलेलं दुसऱ्यापासून लपवून ठेवणार का? काही जण ठेवतात, काही आधीच सांगतात की मी असं गुपित ठेवणार नाही. नोट्स कुठे ठेवता, सीनियरशी केस बोलता तेव्हा नाव घेता का, हेही विचारा, असं विचारल्याचं चांगल्या काउन्सेलरला वाईट वाटत नाही. आणि बाबा, 'ओळखीतलंच कोणीतरी बघ' हे मला अजिबात पटत नाही, ओळखीत तुम्ही मोकळं बोलणारच नाही. अनोळखी काउन्सेलर उद्या रस्त्यात भेटली तरी बहुतेक स्वतःहून ओळख दाखवणार नाही, तुम्ही हसलात तरच हसेल, यांच्यात तशीच पद्धत असते.

ऑनलाइन सेशन असेल तर हेडफोन लावा, दार लावून घ्या, आणि मेसेज घरातल्या कॉमन टॅबवर नका येऊ देऊ.

राहिली मी. अपॉइंटमेंट मी घेतली, पैसे मी भरतेय, म्हणून काउन्सेलरने मला रिपोर्ट द्यायचा असं काही नाही, मी तिला फोन करणार नाही आणि केला तरी तिने काही सांगता कामा नये. तुम्हालाही 'काय काय बोललात' असं विचारणार नाही. वाटलं तर सांगा, नाही वाटलं तर आपण दुसरं बोलू.

तुमची,
लेक