अर्थमंत्र्यांना खुले पत्र: माझे रोजचे शंभर रुपये कुठे आहेत?

मा. अर्थमंत्री, भारत सरकार
यांस सप्रेम नमस्कार.

आपण कामात असाल, म्हणून थोडक्यात लिहितो.

तेवीस दिवसांपूर्वी एटीएममधून दहा हजार काढायला गेलो. मशीन घरघरलं, आत नोटा मोजल्याचा आवाज आला, पण शटर काही उघडलं नाही. खिशातला मोबाइल मात्र लगेच वाजला: दहा हजार वजा. पावती मागितली, तर कागद संपलेला.

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. असे पैसे पाच दिवसांत परत, नाहीतर रोजचे शंभर रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. दोनदा वाचलंय मी. शाखेत कोणी वाचलेलं दिसलं नाही. तिथली मुलगी म्हणाली, "काका, आमच्याकडे सक्सेसफुल दाखवतंय. ॲपवर कंप्लेंट टाका." ॲपमधल्या चॅटबॉटला सगळी कहाणी टाइप करून सांगितली. त्याने मला पर्सनल लोन देऊ केलं.

हसू नका. त्या पैशांत बायकोची महिन्याची औषधं यायची होती. शेवटी जावयाकडून उसने घेतले. या वयात जावयापुढे हात पसरताना काय वाटतं, त्याची भरपाई कोणत्या कलमात बसते? हेल्पलाइनवर "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे पन्नास-साठ वेळा तरी ऐकलं असेन. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं, तर आधी बँकेला तीस दिवस द्या म्हणतात.

अहो, मशीनमध्ये किती भरले नि किती निघाले याचा ताळा कोणीतरी घालतच असेल ना? माझे दहा हजार तिथे जास्तीचे निघाले असणार. कोणी मोजले?

गेल्या वर्षी खात्यात शिल्लक कमी पडली, तेव्हा याच कॉम्प्युटरने दंड कापला. तेव्हा त्याला ना अर्ज लागला, ना कॅमेऱ्याचं फुटेज, ना तीस दिवस. घ्यायचं असलं की क्षणात, द्यायचं असलं की "सिस्टीम स्लो आहे". हिला तुम्ही डिजिटल क्रांती म्हणता. कारकुनाचं काम आता आम्ही घरबसल्या फुकटात करतो, वर एसएमएसचे पैसेही आम्हीच भरतो. पासबुकसुद्धा आम्हीच छापतो, मशीन चालू असलं तर.

तर मागणी एवढीच: दंड जसा आपोआप कापता, तशीच भरपाई आपोआप जमा करायला लावा. माझे आज दहा हजार अधिक अठराशे झालेत. उद्या एकोणीसशे होतील.

आपला,
एक खातेदार
(तक्रार क्रमांक चॅटबॉटला विचारावा)