आखाजीला कुठे येऊ?

मँचेस्टर,
१५ मार्च

आक्का,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, निळ्या खुणा दिसतात, आणि मग काहीच नाही. पाठवलास तो एकच: ‘हक्कसोड करून देते, जमीन तुझ्या नावावर घे, शिकलेली तूच आहेस.’ त्यावर काय लिहावं ते मला अडीच महिने सुचलं नाही. म्हणून आता कागदावर लिहिते आहे. हे पत्र तू चुलीपाशी बसून वाचशील की शेतात वेचणीची ओटी सोडून बांधावर, माहीत नाही. पण एकटीच वाच. पोरांना वाचून दाखवू नकोस.

आधी ते. मायच्या दहाव्याच्या दिवशी नदीवरून आल्यावर, सगळी भाऊबंदकी ओट्यावर बसलेली असताना, तू म्हणालीस, “पाहुणी आलीस, पाहुणीसारखी जा.” आणि मी म्हणाले, “तू तर घरीच होतीस. तुला दुसरं काय होतं?”

तू मला पाहुणी म्हणालीस त्याचं मला काही वाटत नाही. चौथ्या दिवशी पोचले मी, पाहुणीच होते. माझं वाक्य मात्र रोज ऐकू येतं. कामावर जाताना ट्राममध्ये ऐकू येतं, भांडी घासताना येतं. मोठ्या काकूंनी तेव्हा पदर तोंडाला लावला होता आणि तू सरळ आत जाऊन चहा ठेवलास. माझ्यासाठीही ठेवलास. माझं चुकलं, आक्का. दुःखात होते, जागरण होतं, विमानाचा शीण होता, हे सगळं खरं असलं तरी ते वाक्य दुःखातून आलेलं नव्हतं. लहानपणापासून कुठेतरी साठवून ठेवलेलं होतं ते.

आता वातींचं सांगते.

निघताना तू माझ्या बॅगेत कधी काय भरलंस ते मला कळलंच नाही. इथे येऊन उघडली तर बिबड्या, तिखटाची पुडी आणि मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेल्या वाती. लांब वाती. बारा-बाराच्या नऊ जुड्या, प्रत्येक जुडी लाल दोऱ्याने बांधलेली. एकशे आठ. मी त्या कपाटात तशाच ठेवून दिल्या. आठवडाभर तो तुकडा नुसता हुंगत होते. त्याला अजून कोठीचा वास होता.

तुला ठाऊक आहे मी काय काम करते, पण नीट कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलंस की मला वाटायचं टोमणा मारतेस. आमच्याकडे कापूस येतो, सूत येतं, कापड येतं. तंतू किती लांब, किती बळकट, सुताला पीळ किती आणि कोणत्या बाजूने, हे आम्ही मोजतो. कापसाचा तंतू मिलिमीटरमध्ये मोजतात. यंत्र ते काही सेकंदांत सांगतं. माय तेच बोटांनी सांगायची. आठवतं? चिमटीत कापूस धरायचा, ओढायचा, परत जुळवायचा, पुन्हा ओढायचा, शेवटी दोन नखांमध्ये तंतूंची एक सरळ झुलूप उरायची. ती उजेडात धरून म्हणायची, “तार चांगली शे.” व्यापारी बोंब मारत असला तरी तिचा आकडा ठरलेला असायचा. ते मला कधी जमलं नाही. तुला आठव्या वर्षी जमलं. मी पदवी घेऊन परदेशात येऊन यंत्राकडून करून घेते आहे ते.

तर एका रविवारी मी एक वात भिंगाखाली धरली. नुसतं बघायचं होतं, मायच्या हाताची वात कशी दिसते. पीळ उतरताना दिसला, तिरक्या रेघा एका बाजूने. मग दुसरी धरली. रेघा उलट्या बाजूने.

सुताला पीळ दोनच दिशांनी देता येतो. इंग्रजी एस अक्षराचं मधलं अंग जसं तिरकं असतं तसा एक, झेडचं असतं तसा दुसरा. आमच्या कामात तीच नावं चालतात, एस पीळ आणि झेड पीळ. माय वात वळताना टोक डाव्या चिमटीत धरायची आणि उजव्या तळव्याने मांडीवर पुढे लोटायची. तिच्या सगळ्या वाती एकाच बाजूच्या. उलटा पीळ पडायचा तो एकाच हाताचा. तुझ्या डाव्या.

मला ते दृश्य स्पष्ट दिसलं. तू सात-आठ वर्षांची, ओट्यावर मांडी पसरून बसलेली, बोटांना राख लावलेली, आणि माय तुझ्या हातातून वात घेऊन बाजूला टाकते: “डावा हातनी वात देवले चालत नही.” जेवताना तुझा डावा हात ती पदराने बांधायची. शाळेत गुरुजींनी पट्टी मारली तेव्हा तिने त्यांनाच बरोबर म्हटलं. तू पाटीवर उजव्या हाताने लिहायला शिकलीस, अक्षर कायम वाकडं राहिलं, आणि त्या वाकड्या अक्षरावरून सगळ्यांनी ठरवलं की तुझं डोकं शिक्षणात चालत नाही. ‘सगळ्यांनी’ यात मीही आले.

म्हणून मी एकशे आठच्या एकशे आठ वाती भिंगाखाली घातल्या. एकोणसाठ मायच्या. एकोणपन्नास तुझ्या. एका जुडीत अकरा तिच्या आणि एक तुझी. दुसरीत दहा आणि दोन. पुढे नऊ-तीन, आठ-चार. अशा सगळ्या जुड्या क्रमाने लावल्या तर मायच्या वाती कमी कमी होत जातात, शेवटी तीन उरतात. म्हणजे तुम्ही दोघी जवळ बसून वळत होतात. तिचे हात थकत गेले आणि तिने तुझा डावा हात चालवून घेतला. देवासाठी! हे कधी झालं? नवरात्रात? दिवाळीनंतर, तिने अंथरूण धरल्यावर? ती काही बोलली का तुला? तुझी पहिली वात तिने हातात घेतली तेव्हा तिचा चेहरा कसा होता?

आणि एक जुडी आहे ती पूर्ण तुझी. बाराच्या बारा उलट्या पिळाच्या. ती केव्हा वळलीस, आक्का? ती गेल्यावर? की दहाव्याच्या रात्री, माझं ते वाक्य ऐकून झाल्यावर?

खोटं लिहायचं नाही म्हणून हेही लिहिते. हे सगळं कळलं तेव्हा मला आधी रडू आलं नाही. आधी हेवा वाटला. तुला तो शेवटचा महिना मिळाला. तिच्याजवळ बसून काहीतरी वळायला मिळालं. मला तिने कधी जवळ बसून काही करूच दिलं नाही. “तू अभ्यास कर, बाकीनं आक्का देखी.” भाकरी थापायला बसले की उठवायची. वेचणीला आले तर बांधावर पुस्तक देऊन बसवायची, नखात बोंडाची टोकं जातील म्हणून. तुला वाटायचं मी लाडकी. मला वाटायचं मी घरातली नाहीच, कुणाची तरी ठेव सांभाळताहेत तशी मला सांभाळतात. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या झोक्यावर तुम्ही दोघी गाणं म्हणायचात तेव्हा मला शब्द यायचे नाहीत. अजून येत नाहीत.

त्या भांडणात तू एक बोललीस ते मी तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हणालीस, “रोज तुझं नाव. बारकीने पैसे पाठवले, बारकीने विचारपूस केली. मी समोर पाय चेपत असायची.” आक्का, मला ती फोनवर काय सांगायची माहीत आहे? “आक्का शे म्हनीसन मी शे. तू काय, तू तिकडे.” चौदा वर्षं. तुला माझं माप, मला तुझं माप. दोघींचं वजन तिने कमीच भरवलं. मायचा राग येतो मला. ती जाऊन तीन महिने झाले आणि राग येतो, हे लिहिताना हात थांबला होता, पण येतो. तुलाही येत असेल तर मला सांग. तिच्याबद्दल रागाने बोलता येईल असं मला दुसरं कोणी नाही, आणि तुलाही नसावं.

इथल्या वाचनालयात बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांचं एक मोठं कपाट आहे. जानेवारीपासून मी तिथूनच पुस्तकं आणते. आई गेली, बहिणी घर आवरायला जमल्या, भांडल्या, एक जुनं पत्र सापडलं, गळ्यात पडल्या. मी त्या वाचून रडते, अगदी मनापासून रडते. त्या लिहिणाऱ्या बायकांनी माझ्यावर उपकारच केलेत, कारण आईच्या माघारी बहिणीचा हेवा वाटणं हे माझ्या एकटीचं पाप नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं. पण एक गोष्ट मला त्यांत सापडत नाही. कामाचा हिशोब कोणी मांडत नाही. रात्री तीनला कोण उठलं, चादरी कुणी धुतल्या, गोळ्या वेळेवर कुणी दिल्या. आपल्याकडे हिशोब न मांडण्यालाच माया म्हणतात. मला तो मांडलेला हवा आहे. तू सहा वर्षं रोज सासरहून दोन वेळा येत होतीस, आधी सायकलवर, मग भाच्याच्या गाडीवर. मी पैसे पाठवत होते, ते बँकेत दिसतात. तुझं कुठेच दिसत नाही.

म्हणून जमिनीचं ऐक. मी हक्कसोड घेणार नाही. ती दोन एकर वडिलोपार्जित नाहीत, नाना गेल्यावर मायने पाटल्या मोडून, वेचणीचे पैसे साठवून स्वतःच्या नावावर घेतलेली आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिच्या मागे आपणच दोघी वारस आहोत, सारख्या. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित मिळकतीची, तिची इथे गरजच नाही. चुलतभाऊ ओट्यावर काय बोलतात त्याला कागदावर अर्थ नाही. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज कर, दोघींची नावं घाल, तुझं आधी. माझ्या सह्यांसाठी मी तुझ्या नावाने मुखत्यारपत्र करते. इथे मँचेस्टरला २०२५ पासून भारताचं वाणिज्य दूतावास आहे, तिथे ते साक्षांकित होईल, लंडनला जावं लागणार नाही. ते मुखत्यारपत्र तुझ्या हातात पडलं की तीन महिन्यांच्या आत त्याला मुद्रांक लावून घ्यावा लागतो, तेवढी तारीख पाळ. सातबारा आला की पीक तू घे, कापूस लाव नाहीतर दादर ज्वारी लाव, उत्पन्न तुझं. हे मी मोठेपणाने देत नाही. सहा वर्षांच्या हिशोबात ते कमीच पडतं.

एक सांगायचं राहिलं. इथे गावाच्या मध्यभागी रॉयल एक्स्चेंज म्हणून मोठी इमारत आहे. एके काळी जगभरच्या सुता-कापडाचे सौदे तिथे व्हायचे. आता आत नाट्यगृह आहे, पण वर भिंतीवर भावाचा फलक तसाच ठेवलाय, १९६८ साली बाजार बंद झाला त्या दिवशीचे आकडे अजून त्यावर आहेत. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस थांबला, इथल्या गिरण्या बंद पडल्या, आणि मुंबईमार्गे आपल्याकडच्या कापसाला अचानक भाव चढला. हे मी कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलेलं. परवा त्या फलकाखाली उभी राहिले आणि वाटलं, माय इथे असती तर तिने इमारत पाहिली नसती, घुमट पाहिला नसता. मान वर करून एवढंच विचारलं असतं, “आज काय भाव?” आणि तू तिच्याआधी तो वाचून सांगितला असतास, कारण तिला आकडे वाचून दाखवायचं काम तुझं होतं. वाकड्या अक्षराच्या पोरीचं.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. मी आखाजीची रजा मागून घेतली आहे, मिळाली आहे. आखाजीला लेकी माहेरी येतात. माय नाही, घराला कुलूप आहे, किल्ली तुझ्याकडे. मी कुठे येऊ? तुझ्या दारी आले तर चालेल का? पाहुणी म्हणून नको. आल्याबरोबर चहा ठेवू नकोस, मला ठेवू दे.

वाती परत घेऊन येते आहे, त्यातली एकही इथे जाळली नाही. मी स्वतः एक वळून बघितली, मांडीवर, राख लावून. सैल झाली, मधेच सुटली. तू शिकव. डाव्या हाताने शिकवलंस तरी मी शिकेन.

मायच्या नावाची घागर या वर्षी आपण दोघींनी भरायची, मायच्याच घरी, कुलूप काढून. पुरुषमाणसानेच भरायची असं कोणी म्हटलं तर म्हणू दे. चुलीत पितरांच्या घासाची आगारी तू टाक, मला मंत्र नाही की गाणं नाही, मी पाण्याचा हात फिरवीन. कुंभाराला आत्ताच सांगून ठेव, शेवटच्या दिवशी चांगलं मडकं राहत नाही. सांजोऱ्या तुझ्याच हातच्या. घागरीवर ठेवायचं खरबूज मी अमळनेर स्टेशनातून उतरले की बाहेरूनच घेऊन येते, तू आणू नकोस.

तुझी,
बारकी